भोपळा, दुधी, दोडका: बी थेट लावू की रोप आणू?

अश्विनी (बोरिवली)

नमस्कार. सोसायटीने यंदा गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा झाडांसाठी दिला आहे. पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी जाळी आहे, तिच्यावर लाल भोपळा, दुधी आणि दोडका चढवायचाय. निळे ड्रम अर्धे कापून आणलेत, भोकं पाडलीत, माती आणि शेणखत भरून तयार आहे. व्हिडिओंमध्ये बघते तर सगळे आधी घरात ट्रेमध्ये रोपं करतात आणि मग बाहेर लावतात. सासूबाई म्हणतात, भोपळ्याचं कुणी रोप करतं का, बी टोकायचं नि मोकळं व्हायचं. आणि इथल्या नर्सरीत हातभर वाढलेली दुधीची रोपं आलीत, ती बघून आणावीशी वाटतात. मेचा शेवटचा आठवडा चालू आहे, पाऊस तोंडावर आलाय. काय करू?

नितीन (चेंबूर)

ताई, मी रोपंच लावतो. आमच्याकडे उंदीर एवढे आहेत की भोपळ्याचं बी एक रात्रही मातीत राहत नाही. सकाळी बघावं तर आळं उकरलेलं आणि नुसती टरफलं पडलेली. रोपाला ते तोंड लावत नाहीत.

विजया (मुलुंड)

अश्विनी, तुझ्या सासूबाईंचं मला पटतं. आज-उद्याच बी थेट ड्रममध्ये टोक.

व्हिडिओतले लोक रोपं का करतात ते बघ. अमेरिकेत, युरोपात कित्येक ठिकाणी एप्रिल-मेपर्यंत रात्री दंव गोठतं, माती गार असते. भोपळ्याच्या जातीतल्या बियांना रुजायला साधारण २५ ते ३५ अंश ऊब लागते. १५ अंशांच्या खाली त्या मातीत नुसत्या कुजतात. उन्हाळाही तिथे आखूड. म्हणून ती माणसं तीन-चार आठवडे आधी घरात रोप करून दिवस वाचवतात, आणि त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. मुंबईत उबेची वाण कधीच नसते. आपल्याकडे बी मरतं ते पाण्याने. एकट्या जुलैत सांताक्रूझला सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या झोडपण्यात कोवळा कोंब बुडाशी सडतो आणि आडवा होतो.

दुसरी गोष्ट मुळांची. वांगी, टोमॅटो, मिरची उपटून दुसरीकडे लावली, चार मुळं तुटली, तरी नवी फुटतात. दुधी-भोपळ्याचं तसं नाही. पानं दिसायच्या आधीच यांचं मूळ सरळ खाली धावतं, आणि ते दुखावलं की वेल बराच काळ जागच्या जागी बसतो. तेवढ्यात शेजारी थेट टोकलेल्या बियाचा वेल त्याला गाठतो. म्हणून ती हातभर दुधी आणू नकोस, माझं कळकळीचं सांगणं आहे. एवढ्याशा पिशवीत हातभर वेल वाढला म्हणजे आत मुळांचं वेटोळं झालेलं असणार. आणायचंच तर दोन-तीन पानांचं, बुटकं, जाड देठाचं रोप बघ.

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून. आत्ता टोकलेलं बी पाच ते आठ दिवसांत वर येईल आणि पावसाच्या तोंडाला त्याला खरी पानं फुटलेली असतील. बी रात्रभर भिजव. एका ड्रममध्ये तीन बिया, बोटाच्या दीड पेरापर्यंत खोल, आडव्या ठेव. दोन-दोन पानं आली की सगळ्यात दणकट कोंब ठेव आणि बाकीचे कात्रीने काप. उपटलेस तर राहिलेल्याची मुळं हलतील.

नितीन, उंदरांसाठी आळ्यावर भाजीचं जाळीदार क्रेट पालथं घालून वर वीट ठेवायची. कबुतरंही टोचत नाहीत. कोंब वर आल्यावर लाल भुंगेरे पहिल्या पानांची चाळण करतात, म्हणून उघड्या जागी असेल तर त्याच क्रेटवर जुनी मच्छरदाणी टाकायची.

शैला (दहिसर)

विजयाताई, माझं बी टोकायचंच राहिलं तर? आम्ही गावाला जातोय, परत येईपर्यंत पाऊस लागलेला असेल.

विजया (मुलुंड)

शैला, मग तू मात्र रोपच कर. खिडकीच्या छपराखाली, उजेड असेल अशा जागी. चहाचे कागदी कप घे, खाली भोक पाड, कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भर, एका कपात एकच बी. पहिली दोन जाड पानं येतात ती मोजायची नाहीत. त्यानंतरचं दुसरं खरं पान उघडलं की लगेच लाव, साधारण दोन आठवड्यांत. जास्त थांबायचं नाही. लावताना कप उभा फाडून मातीचा गड्डा जसाच्या तसा आळ्यात उतरव, पावसाने उघडीप दिली त्या संध्याकाळी. कारलंही असंच कर, त्याचं कवच जाड असल्याने ते उशिरा रुजतं. टोकाकडची कड नेलकटरने किंचित कापून भिजवलीस तर लवकर येतं.

अश्विनी (बोरिवली)

किती नीट सांगितलंत काकू! आजच बिया भिजवते. बाजारातून आणलेल्या भोपळ्यातल्या बिया चालतील का?

विजया (मुलुंड)

रुजतील, पण भोपळा संकरित असला तर फळ कसं निघेल त्याचा भरवसा नाही, आणि मोठ्या जातीचं फळ त्या जाळीला पेलणार नाही. गच्चीसाठी अर्का सूर्यमुखी बघ, फळ किलोभराचं, नारिंगी, गोल. दोडक्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण हरिता आपल्या हवेसाठीच काढलेली आहे. पाकिटातल्या सगळ्या बिया आज टोकू नकोस, निम्म्या कोरड्या डब्यात ठेव. आणि ड्रमखाली प्रत्येकी तीन विटा दे, नाहीतर भोकं स्लॅबला चिकटतील आणि पाणी आतच राहील.