रिसेट हार्ड मारलंत? आधी रिफ्लॉग बघा

'गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) रिसेट हार्ड मारलं आणि तीन दिवसांचं काम गेलं' असं एकाने लिहिलंय. रिसेट हार्ड म्हणजे ब्रँच (कामाची शाखा) आणि फाइली जुन्या नोंदीवर परत नेणारी कमांड. पण काम कमिट केलं (म्हणजे गिटमध्ये नोंद म्हणून साठवलं) असेल तर ते बहुधा तिथेच आहे, ब्रँच फक्त जुन्या कमिटवर सरकलीय. घाबरून फोल्डर उडवून नवा क्लोन (सर्व्हरवरून ताजी प्रत) मात्र घेऊ नका. रिफ्लॉग, म्हणजे काम कुठल्या कमिटवरून कुठे सरकलं याची गिटने ठेवलेली यादी, तुमच्याच मशीनवर असतो, क्लोनबरोबर येत नाही.

महाप्याच्या ऑफिसात माझंही हेच झालं होतं. शुक्रवार संध्याकाळ, घणसोलीहून ठाणे लोकल पकडायची घाई, चुकीची ब्रँच. घामच फुटला. शेजारच्या मॅडमनी शांतपणे 'गिट रिफ्लॉग' टाइप केलं. पहिली ओळ रिसेटची, तिच्या खालीच माझा कमिट, मेसेज 'फायनल फायनल २' (लाज वाटली, पण असो). त्याचा हॅश (कमिटचा ओळख-कोड) उचलून 'गिट ब्रँच' ने त्यावर नवी ब्रँच काढली. लोकलही मिळाली.

ब्रँचपासून अशा सुटलेल्या कमिटची रिफ्लॉगमधली नोंद डिफॉल्टने 30 दिवस टिकते, तेव्हा आजच करा. कमिट न करता नुसतं 'गिट ॲड' (कमिटआधी फाइल गिटकडे देणं) केलेलं असेल तर 'गिट एफएससीके' (गिटचा साठा तपासणारी कमांड) ला लॉस्ट-फाउंड पर्याय देऊन बघा. मजकूर मिळतो, फाइलचं नाव नाही. ॲडही केलं नसेल तर गिटकडे काहीच नाही, एडिटरची लोकल हिस्टरी (त्याने स्वतः ठेवलेल्या जुन्या आवृत्त्या) चाळा.