मालकानं क्लबच उचलून नेला, तर चाहत्यांनी चिडायचंही नाही काय?

पऱ्हाटीतला गोलकीपर (आर्वी तालुका)

आमच्या गावात कापूस निघाला की एका वावरात गोलपोस्ट उभे राहतात. धसकटं उपटायची, कुपाटीकडे बॉल जाऊ द्यायचा नाही, गेलाच तर बाभळीच्या काट्यानं ब्लॅडर संपलं. संध्याकाळी तिथंच बांधावर विम्बल्डनचा (टेनिसचं नाही, फुटबॉल क्लबचा) विषय निघाला आणि एक पोट्टा म्हणाला, "पैसा मालकाचा, टीम मालकाची. कुठंही नेईल, तुमच्या बापाचं काय जाते?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला हे बिलकुल पटलं नाही, म्हणून इथं टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विम्बल्डन म्हणजे दक्षिण लंडनचा 1889 पासूनचा छोटा क्लब. खालच्या लीगमधून वर आला आणि 1988 च्या एफए कप (इंग्लंडचा मोठा चषक) फायनलमध्ये लिव्हरपूलला 1-0 नं हरवलं. पुढे सगळ्या प्रेक्षकांना खुर्च्या पाहिजेत असा नियम आला, त्यात प्लाउ लेनचं जुनं मैदान बसेना. 1991 पासून क्लब क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाडेकरू. दरम्यान प्लाउ लेनची जागा सुपरमार्केटवाल्यांना विकली गेली, क्लब नॉर्वेच्या श्रीमंतांकडे गेला. मे 2002 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं नेमलेल्या तीन जणांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं क्लब मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी दिली. नव्वदेक किलोमीटर दूर! 2004 मध्ये नावही बदललं, एमके डॉन्स.

माझं म्हणणं एवढंच की शेअर विकत घेता येतात, लीगमधली जागा नाही. ती जागा विम्बल्डननं खेळून मिळवली होती. मिल्टन कीन्सला क्लब पाहिजे होता तर काढायचा होता नवा आणि चढायचं होतं खालून. विम्बल्डनच्या चाहत्यांनी नेमकं तेच केलं, एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढला. जून 2002 मध्ये विम्बल्डन कॉमन या मोकळ्या सार्वजनिक मैदानाच्या गवतावर खेळाडूंच्या ट्रायल घेतल्या, नवव्या पातळीवरून सुरुवात केली आणि 2011 ला फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे चौथ्या पातळीवर पोहोचले. आणि आयोग म्हणत होता की असा नवा क्लब काढणं फुटबॉलच्या हिताचं नाही!

हिशेबनीस

रडगाणं पुरे करा राजेहो. स्वतःचं मैदान नाही, दुसऱ्याच्या घरी बारा वर्षं, दरवर्षी तोटा. तो तोटा कोण भरत होता? बांधावर बसून चिडणारे? 2003 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या कारभाराखाली गेला. नेला नसता तर बुडाला असता.

आणि आर्सेनलचं काय? 1913 मध्ये हेन्री नॉरिसनं तो क्लब थेम्सच्या दक्षिणेकडच्या वूलिचमधून उचलून उत्तरेला हायबरीत नेला. आज तुमच्या गावातल्या अर्ध्या पोट्ट्यांच्या अंगात आर्सेनलची जर्सी असेल. कोणाला वूलिचची आठवण येते काय? शंकरपटात जोडी मालकाची असते. गाव टाळ्या वाजवते, वैरण मालक टाकतो.

पऱ्हाटीतला गोलकीपर

जोडी ने ना भाऊ! पट तर गावात राहू दे. लीगमधली जागा म्हणजे पट, ती मालकाच्या गोठ्यातली नाही. 1913 मध्ये वूलिचच्या लोकांना कोणी विचारलं नाही, म्हणून पुढं कोणालाच विचारायचं नाही, हा कोणता हिशेब?

तोट्याचं म्हणशील तर परवानगी मिळाल्यावर चाहत्यांनी पाठ फिरवली. ऑक्टोबर 2002 मध्ये रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला 849 माणसं होती. त्याच्या आधी जुलैत, नव्या क्लबच्या पहिल्याच मैत्रीच्या सामन्याला साडेचार हजारांवर. गिऱ्हाईक हाकलायचं आणि मग दुकान चालत नाही म्हणायचं.

कोळशाचा पोट्टा, घुग्घूस

मी दोन्हीकडून नाही. आमची कॉलनीची टीम होती. खाणीत कामाला असलेले तेलुगू, बिहारी, मराठी, सगळे खेळायचे. खाण आटोपत आली, बदल्या निघाल्या आणि एक दिवस साहेबांनी टीमचं सामान दुसऱ्या खाणीच्या कॉलनीत पाठवलं. जाळ्या, बूट, पंप, तीन फुटबॉल, सगळं मेटॅडोरमध्ये. वर टीमचं नावही तिकडच्यांना दिलं. साहेब म्हणे, सामान खाणीचं आहे. होतंच, खोटं कायले बोलू! पण ग्राउंडवर मुरूम टाकला तो आमच्या बापांनी, सुटीच्या दिवशी, घमेल्यानं. त्याचा हिशेब कोणत्या रजिस्टरमध्ये लिहायचा ते हिशेबनीस भाऊनं सांगावं.

मले सामान गेल्याचा राग नाही. बसवून विचारलं असतं तरी आम्ही हो म्हटलं असतं. विचारलंच नाही.

वरुडची संत्री

सगळे जाणाऱ्यांचंच बोलून राहिले, म्हणून मिळणाऱ्यांच्या बाजूनं बोलते. 2008 मध्ये नागपूरचे मोठे क्रिकेट सामने सिव्हिल लाइन्समधून जामठ्याला गेले. तिथं मालक नव्हता, असोसिएशन होती, क्लबही तोच राहिला, मान्य. पण नागपूरची माझी मावसभावंडं अजून कुरकुरतात, पायी जात होतो, आता गाडी पाहिजे म्हणून. माझं सासर हिंगणघाटचं. तिकडच्यांना जामठा नागपूरच्या आधी लागते, ते खूश! मिल्टन कीन्समधल्या दहा वर्षांच्या पोराचा काय गुन्हा? त्याच्या शहरात आयुष्यात पहिल्यांदा मोठा क्लब आला. आपण खेड्यातले, आपल्याकडे तर कधीच काही येत नाही. उद्या एखादा पैसेवाला आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) टीम घेऊन अमरावतीला आला तर ती कोणत्या गावाची होती हे इथला कोणी विचारणार आहे काय? खरं सांगा.

लेफ्ट विंग, यवतमाळ

मी विचारीन ताई. कारण मी पुण्यात शिकत असताना आयएसएलमधल्या एफसी पुणे सिटीच्या मॅचला बालेवाडीला जात होतो. पाच मोसम खेळून क्लब बंद, 2019 ला ती जागा हैदराबादला. त्याच वर्षी दिल्ली डायनॅमोज भुवनेश्वरला गेली आणि ओडिशा एफसी झाली. मार्च 2022 मध्ये हैदराबादनं आयएसएल जिंकली, तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपवर एकानंही मेसेज टाकला नाही. मग 2025 मध्ये हैदराबादची टीमही उठली आणि दिल्लीला गेली. आता तिथलेही आमच्याच रांगेत.

विम्बल्डनवाल्यांना निदान खालून चढायला शिडी होती. 2019 मध्ये आपल्याकडे तीही नव्हती. आय-लीग (आयएसएलच्या खालची लीग) जिंकून आयएसएलमध्ये आलेली पहिली टीम पंजाब एफसी, तीही 2023 मध्ये. पुण्याच्या पोरांनी नवा क्लब काढून काय केलं असतं?

हिशेबनीस

मग उपाय सांगा ना. राग धरून मैदानाचं भाडं निघते काय?

पऱ्हाटीतला गोलकीपर

निघते! प्लाउ लेनच्या जवळच नवं मैदान बांधताना पैसे कमी पडले तेव्हा चाहत्यांनीच रोखे घेऊन कोट्यवधी उभे केले. नोव्हेंबर 2020 पासून एएफसी विम्बल्डन तिथं खेळते.

जर्मनीत तर मतांचा बहुतांश हक्क सभासदांकडेच ठेवायचा नियम आहे. आपल्याकडचं पाहायचं तर मोहन बागान. 2020 ला कोलकात्याच्याच एटीके या आयएसएल टीमसोबत विलीन झाली, नावापुढं एटीके लागलं, कोलकात्यात चाहते जवळपास तीन वर्षं ओरडले. 2023 ला आयएसएल जिंकल्यावर मालकानंच ते नाव काढायची घोषणा केली.

हिशेबनीस

काढलं आणि त्याच जागी सुपर जायंट जोडलं. ते सांगायचं राहिलं. जर्मनीतल्या लाइपझिग क्लबलाही विचारून ये, सभासद किती मोजके आहेत म्हणून.

वरुडची संत्री

आणि एमके डॉन्सनं 2007 मध्ये विम्बल्डनचे जुने मानसन्मान मर्टन बरोला (विम्बल्डन ज्या पालिकेत येते तिला) देऊन टाकले, हे कोणी लिहिलंच नाही.

पऱ्हाटीतला गोलकीपर

दिले ताई, बरोबर आहे. कप दिले, लीगमधली जागा ठेवून घेतली. 2018 मध्ये तीच जागा घसरून चौथ्या पातळीवर गेली, तेव्हा कॉमनवरच्या ट्रायलमधून निघालेला क्लब तिच्या एक पायरी वर खेळत होता. हिशेबनीस भाऊ, हेही लिहून घे वहीत.