रडायला बसवायचं आणि लगेच घसरगुंडीवर सोडायचं!

सेव्ह_कर_आधी

खाली स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत. 'फायनल फँटसी ७' तर १९९७ सालचा आहे, त्यामुळे निदान त्याच्याबद्दल तक्रार नको.

आरपीजीत, म्हणजे पात्रांच्या भूमिकेत शिरून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये, आपण त्या माणसांबरोबर चाळीस-पन्नास तास काढतो. त्यांच्यासाठी तलवारी विकत घेतो, त्यांची बडबड ऐकतो, जीव जडतोच. मग लेखक त्यांतल्या एखाद्याला मारतो, आपला घसा दाटून येतो, आणि नेमकं तेव्हाच गेम असं काही करतो की आपण धाडकन परत आपल्या सोफ्यावर. माझं म्हणणं, याला बाळबोध संवाद किंवा ठोकळेबाज ग्राफिक्स कारणीभूत नसतात. गेमने जे नियम आपल्या गळी उतरवले, तेच ऐन मोक्याला धाब्यावर बसवले की मामला फिसकटतो.

आरोपी नंबर एक, 'फॉलआउट ३' (२००८). शेवट जेफरसन मेमोरियलमध्ये होतो. पाणी शुद्ध करणारी यंत्रणा चालू करायची आहे, पण आतल्या खोलीत किरणोत्सर्ग इतका की जो जाईल तो मेलाच. आपल्या वडिलांनी याच खोलीत जीव दिलेला. प्रसंग काय जमून आलाय! अडचण एकच. आपल्या शेजारी फॉक्स उभा असू शकतो. फॉक्स हा सुपर म्युटंट, किरणोत्सर्गाचा त्याच्यावर ढिम्म परिणाम होत नाही. हे आपल्याला कसं ठाऊक? कारण व्हॉल्ट ८७ नावाच्या भूमिगत आसऱ्यात अशाच एका जागी जाऊन आपल्याला हवं असलेलं 'गेक' नावाचं यंत्र त्यानेच आणून दिलेलं असतं. आता त्याला म्हणावं, बाबा रे, आत जा आणि आकडे दाब, तर उत्तर येतं की हे तुझं विधिलिखित आहे, मी मध्ये पडणार नाही. म्हणजे इतका वेळ माझ्यासाठी गोळ्या खाल्ल्या, आणि तीन आकडे दाबायची वेळ आली तेव्हा नशीब आडवं आलं?

लोकांनी इतकी बोंब मारली की २००९च्या 'ब्रोकन स्टील' या पुरवणी भागामध्ये फॉक्सला पाठवायची सोय झाली. पण निवेदक शेवटी टोमणा मारतोच, की खरा शूर तो, जो आत गेला. चूक लेखकाची आणि डरपोक आपण!

आरोपी नंबर दोन, 'फायनल फँटसी ७'. एरिथ या सोबतिणीचा मृत्यू, पहिल्या डिस्कचा शेवट. त्या प्रसंगाला मी हात लावत नाही, तो अस्सल आहे. पण दुसरी डिस्क घातल्यावर थोड्याच वेळात आपण आयसिकल इन नावाच्या बर्फातल्या गावात पोचतो, तिथे एका जखमी पोराचा स्नोबोर्ड घेतो आणि आपला नायक क्लाउड झकास संगीतावर डोंगरावरून घसरत सुटतो. सुतक तरी फिटू द्या की!

तिसरी_घंटा

धागा वाचून मौज वाटली. असहमत.

आपल्या संगीत नाटकांत काय व्हायचं? कथानक ऐन रंगात आलेलं, नायिका दुःखात बुडालेली, ती पद घेते, ऑर्गन सुरू, आणि पिटातून आरोळी येते, 'वन्स मोअर!' बाई दुःख बाजूला ठेवून तेच पद पुन्हा पहिल्यापासून म्हणतात आणि मग दुःख जिथे सोडलं होतं तिथून उचलतात. प्रेक्षक घरी जाऊन म्हणायचे का, की आमचा रसभंग झाला? रुमाल ओले करून यायचे. प्रेक्षकाला दोन्ही गोष्टी एकत्र धरता येतात, कथाही आणि खेळही.

फॉक्सचं मान्य, ते गचाळ लेखन आहे. पण स्नोबोर्डवर अन्याय होतोय. त्याच गावात एका घरात जुन्या चित्रफिती सापडतात. त्यांत एरिथचे आईवडील आहेत, आणि वीस दिवसांची एरिथ. ती गेल्यावर आपल्याला तिचा जन्म दाखवतात! ते पाहून झाल्यावर दोन मिनिटं बर्फावर घसरलो तर काय बिघडलं? माणसं तेराव्यालाही गोडधोड खातात.

चकलीचा_तुकडा

मला वाटलं फिनिक्स डाउनवरून मारामारी असेल म्हणून पंचा घेऊन बसलो. अजून कुणी काढलाच नाही विषय?

गावठी_जादूगार

@चकली, घ्या काढतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फिनिक्स डाउन म्हणजे दुकानात मिळणारं पीस, लढाईत आडव्या झालेल्या गड्याला उठवणारं. आपल्या झोळीत अशी डझनावारी असतात आणि एरिथ मेली की एकही चालत नाही. दर धाग्यावर कुणीतरी हा शोध नव्याने लावतो.

त्याचं उत्तर गेम बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीने आधीच, १९९२च्या 'फायनल फँटसी ५'मध्ये देऊन ठेवलंय. म्हातारा गालुफ शून्य शक्तीवर असतानाही खलनायक एक्सडेथशी लढत राहतो. पडतच नाही. लढाई संपते, तो कोसळतो, आणि बाकीची पोरं त्याच्यावर एकामागून एक सगळं वापरून बघतात: मंत्र, औषधं, फिनिक्स डाउनसुद्धा. काही उपयोग होत नाही. आणि ते बघताना हसू येत नाही, पोटात कालवतं. कारण तो आपलाच नेहमीचा उद्योग असतो, पहिल्यांदा वाया गेलेला. नंतर त्याची नात क्रिल पार्टीत येते आणि गालुफने कमावलेलं सगळं कसब तिच्याकडे जातं. वारसा म्हणजे काय हे मेनूच्या पडद्यावर दिसतं.

त्यामुळे धागाकर्त्याशी अर्धा सहमत. नियम मोडायला हरकत नाही, मोडतोय हे कबूल करून मोडा.

सेव्ह_कर_आधी

@गावठी_जादूगार, हेच तर म्हणतोय. गालुफच्या बाबतीत गेम आपल्या मनातला प्रश्न स्वतःच विचारतो. फॉक्सच्या बाबतीत प्रश्न दिसत असून तोंड फिरवतो.

एरिथच्या प्रसंगाला हात लावत नाही म्हणालो त्याचं कारणही हेच. तिथे आधी आपलीच बटणं आपल्यावर उलटतात. क्लाउड तिच्यासमोर उभा असतो, काहीही दाबलं तरी तो तिच्यावर तलवार उगारण्याच्याच दिशेने सरकतो. मग वरून खलनायक सेफिरॉथ येऊन तिला भोसकतो. तिच्या केसांतला तो गोल मटेरिया, म्हणजे जादूचा खडा, पायऱ्यांवर टपटप उड्या मारत पाण्यात पडतो. लगेच बॉसची लढाई, पण लढाईचं नेहमीचं संगीत वाजतच नाही, एरिथचीच धून चालू राहते. १९९७ साली, त्या ठोकळ्या हातांच्या बाहुल्यांकडून! आणि पुढच्या लढाईत तिची जागा रिकामी. ज्या खेळणारीने एरिथचा सगळ्यात भारी डाव 'ग्रेट गॉस्पेल' मिळवायला आडवाटेच्या गुहेत खेटे घातले होते तिला विचारा.

@तिसरी_घंटा, वन्स मोअर प्रेक्षक मागायचा. मी स्नोबोर्ड मागितला नव्हता.

रात्रपाळी

तुम्हा सगळ्यांचं गाडं नियमांवर अडलंय. 'पर्सोना ५' (२०१६) घ्या. पहिलं प्रकरण कामोशिदाचं. शाळेतला व्यायामशिक्षक, मुलांना मारतो, मुलींना छळतो, सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. आपल्या टोळीतल्या ॲनची मैत्रीण शिहो त्यापायी शाळेच्या गच्चीवरून उडी मारते. इतकं थेट, इतकं रागावून लिहिलेलं प्रकरण मी फार कमी गेम्समध्ये पाहिलंय. ॲनचं 'नाही' म्हणणं हाच त्या प्रकरणाचा कणा आहे.

आणि पुढच्याच प्रकरणात? युसुके नावाचा चित्रकार पोरगा तिने मॉडेल म्हणून बसावं असा हट्ट धरतो. ज्या प्रकारचं चित्र त्याला काढायचंय त्याला ती साफ नाही म्हणते. तर तिचे स्वतःचे मित्र, कालपरवा तिच्यासाठी लढलेले, तिलाच गळ घालतात, कारण त्यांना त्या पोराच्या घरात शिरायचंय. ती कपड्यांवर कपडे चढवून जाते आणि गेमला हे विनोदी वाटतं.

इथे कुठला नियम मोडला? कुठलाच नाही. मेनू तोच, लढाई तीच. फक्त लेखकाने कालचं लिहिलेलं आज विसरून दाखवलं. मी कंट्रोलर खाली ठेवला तो चीड येऊन. फॉक्सच्या वेळी नुसतं हसले होते. म्हणून माझ्या लेखी हा गुन्हा कितीतरी मोठा.

सेव्ह_कर_आधी

@रात्रपाळी, पण मित्रांनी तिचा शब्द मानायचा हा नियम कथेनेच घालून दिलेला होता ना? तोच मोडला.

रात्रपाळी

कशालाही नियम म्हणायचं ठरवलं तर तुम्ही कधीच हरणार नाही. अभिनंदन.

तिसरी_घंटा

😀 हे लागलं.

चकलीचा_तुकडा

'मास इफेक्ट ३' (२०१२), थेसिया. 'काय लेंग' नावाच्या मारेकऱ्याशी लढा, त्याला पुरता लोळवा, मग कटसीन (आपोआप चालणारं दृश्य) लागतं आणि त्यात हरलेलो आपण! तो हेलिकॉप्टरछाप यान बोलावून निघून जातो आणि आपला नायक शेपर्ड तोंड पाडून बसतो. मीच जिंकलो होतो रे. गेमच्या तीन रंगांतल्या शेवटांवर सगळे भांडले, माझी सटकली ती इथे.

गावठी_जादूगार

+१. आणि त्याच मालिकेचा दुसरा भाग (२०१०) उलट उदाहरण आहे. शेपर्डच्या जहाजावरची माणसं पळवून नेतात. इतर गेम्समध्ये अशा वेळी आपण निवांत मासे पकडत फिरतो आणि जग आपल्यासाठी ताटकळतं. इथे भटकत बसलात तर ती माणसं मरतात. थोडा उशीर केला तर अर्धी, जास्त केला तर डॉक्टर चाकवास सोडून सगळी. आणि घाई करून सोबत्यांच्या वैयक्तिक मोहिमा टाळल्या तर शेवटच्या मोहिमेत सोबती मरू शकतात. दोन्हीकडून पेच.

बाकी 'विचर ३'मध्ये (२०१५) मुलीसारखी सिरी हरवलेली असताना नायक गेराल्ट गावोगाव पत्ते कुटतो, अशी रड असते. खुद्द ब्लडी बॅरनशी ग्वेंट हा पत्त्यांचा डाव खेळता येतो, ज्याची बायको-मुलगी बेपत्ता आहे आणि ज्याच्या घरात काय घडलंय ते ऐकून झोप उडते. पण तो डाव मांडायला तुम्हाला कुणी सांगितलं? पर्याय समोर होता, तुम्ही निवडलात. मग रसभंग कुणी केला?

रात्रपाळी

@गावठी_जादूगार, हे खेळणाऱ्याच्या माथी मारणं मला कधीच पटलेलं नाही. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) बघा. सुरुवातीलाच डोक्यात किडा सोडतात आणि सगळे बजावतात की उपाय शोधा, नाहीतर थोड्याच दिवसांत तुमचा राक्षस होणार. शहाण्या माणसाने काय करावं? मुक्काम न करता पळत सुटावं. पण सोबत्यांचे सगळ्यात जिव्हाळ्याचे प्रसंग रात्री मुक्कामालाच घडतात! ज्यांनी गोष्ट मनावर घेतली, काटकसरीने झोपले, त्यांचे कित्येक प्रसंग हुकले. ज्यांनी किड्याला भीक न घालता दर दोन लढायांनंतर पथारी पसरली, त्यांना ॲस्टेरियनपासून शॅडोहार्टपर्यंत सगळ्यांची मनं उलगडून मिळाली. कथेवर विश्वास ठेवला म्हणून दंड. यात माझी निवड कुठे आली?

गावठी_जादूगार

मुक्कामाचं बटण तिथेही होतं की. आणि किडा लगेच मारत नाही याची कुणकुण गेम लवकरच देतो.

रात्रपाळी

कुणकुण देतो, पण घाबरवणं थांबवत नाही. तुमच्या 'मास इफेक्ट २'ने धमकी दिली आणि ती खरी केली. याने धमकी दिली आणि मग आपण घाबरलो याचीच शिक्षा केली. पत्त्यांचा डाव आणि हे एका पारड्यात नका घालू.

तिसरी_घंटा

मुद्दा बिनतोड आहे, ताई. तरी एक विचारतो. 'फायनल फँटसी १०'मधला (२००१) टीडस आणि युनाचा तो मोठमोठ्याने हसण्याचा प्रसंग. इंटरनेटवर त्याची यथेच्छ टिंगल होते, की काय हे नाटकी हसणं, सगळा मूडच गेला. पण ते हसणं खोटंच असायला हवं! दुःख असताना ओढूनताणून हसायचा सराव करताहेत ती दोघं, आणि युनाला आपल्या प्रवासाचा शेवट आपल्याच मरणात आहे हे ठाऊक आहे. प्रसंग आधी-नंतरच्या संवादांसकट पाहिला तर काळजाला भिडतो, कापून पाहिला तर कानाला टोचतो. हा रसभंग कुणाच्या खात्यावर लिहायचा?

सेव्ह_कर_आधी

ज्यांनी दहा सेकंदांचा तुकडा कापून वर चढवला त्यांच्या.

@तिसरी_घंटा, तुम्ही जुन्या 'फायनल फँटसी ७'वर एवढे फिदा आहात तर त्याचाच नव्याने केलेला २०२४चा 'रिबर्थ' खेळून सांगा. त्यात क्लाउड सेफिरॉथची तलवार अडवतो असं दिसतं, मग पडदा झिरमिरतो, मग रक्त, मग लढायांवर लढाया, आणि त्यांत एरिथ परत येऊन आपल्या बाजूने लढूनही जाते. शेवटी ती फक्त क्लाउडला दिसते. ती मेली, वाचली, की दोन्ही, याचा हिशोब लावता लावता मी रडायचाच राहिलो. स्नोबोर्ड परवडला.

तिसरी_घंटा

'रिबर्थ' खेळलोय. क्लाउडच्या सोबतिणीचा, टिफाचा, चेहरा पाहिलात का त्या शेवटात? हिशोब क्लाउड चुकवतोय, बाकी सगळ्यांना पुरता कळलाय. मला तरी तेवढ्यावर भरून आलं. या आठवड्यात त्यावर वेगळा धागा काढतो, इथे फॉक्सचं चालू द्या.

चकलीचा_तुकडा

काढा. पंचा वाळत घातलाय.