पाणकणसातली मरळ : ३००० रुपयांत काय घेऊ?

पाझरतलाव_यावल
मंडळी, गावाजवळच्या पाझर तलावाला काठाने पाणकणीस आहे, आत जलपर्णी. मधे मधे थाळीएवढी मोकळी पाण्याची भोकं. सकाळी मरळ तिथे हवा घ्यायला वर येते, आवाज स्पष्ट ऐकू येतो. गांडूळ लावून साधा गळ टाकला की तो गवतात रुततो आणि तंगूस तुटतो. अमेरिकेतले बास मासा पकडायचे व्हिडिओ पाहिले, त्यात रबरी बेडूक गवतावरून ओढतात. तसं काही घ्यायचंय. रॉड, रीळ, दोरी, आमिष सगळं मिळून ३०००, त्यावर एक रुपया नाही. ठेका मच्छीमार सोसायटीचा आहे, त्यांना विचारून घेतलंय.

वाघूर_वारी
३००० मध्ये काही होत नाही भाऊ. माझा ७ फुटी मीडियम हेवी रॉड आणि बेटकास्टिंग रीळ ११ हजारांना पडलं. वाघूर धरणावर जलपर्णीच्या मधोमध लागलेली मरळ उचलून बाहेर काढली, रॉड हूं का चूं करत नाही. थोडे थांबा, पैसे साठवा, पण एकदाच घ्या.

गळ_भुसावळ
नवख्याला बेटकास्टिंग रीळ सांगू नका. हलका बेडूक वाऱ्यावर फेकला की दोरी गुंडाळायच्या चाकावर गुंत्याचं घरटं होतं आणि अर्धी सकाळ ते सोडवण्यात जाते. ४००० नंबरचं (हे माप आहे, किंमत नाही) साधं स्पिनिंग रीळ घ्या. मुख्य खर्च दोरीवर करा. तंगूस ताणतं, म्हणून गवतात गळ नीट बसत नाही. ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी ताणत नाही आणि जलपर्णीचे देठ कापत येते. ४० ते ५० पौंडी, म्हणजे तेवढं वजन पेलणारी घ्या. ती बोटाला गुंडाळून ओढायची नाही, चिरा पडतात.

आबा_पारोळा
भाऊ, तुले सांगस, हाई रबरनं काही खरं नही. बोरी धरणावर आम्ही जिवंत बेडूक लावायचो, हातदोरीवर. रॉडही नाही, रीळही नाही. मरळ जित्त्या बेडकाला सोडत नाही.

तापीकाठ
आबा, ते आता नको. आपल्याकडच्या मोठ्या बेडकाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पाय परदेशी पाठवायला बेडूक इतके मारले गेले की १९८७ मध्ये ती निर्यातच बंद करावी लागली. बेडूक शेतातले किडे खातो, त्याला गळाला लावून काय मिळवायचं?

आबा_पारोळा
कायदा मान्य. मग जित्ती झिंगी लावा. पण रबर नाही.

मेहरूण_पहाट
रबरी बेडूक चालतो, पण व्हिडिओ बासचे आहेत हे लक्षात ठेवा. बास तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढते. मरळ झडप घालते आणि दातांनी धरते, कित्येकदा पहिली झडप नुसतीच असते. पाणी उडालं की लगेच हिसका दिलात तर बेडूक हवेत आणि मरळ खाली. थांबायचं. दोरी सरकायला लागली, वजन जाणवलं की रॉडचं टोक खाली, ढील गोळा करायची आणि मग जोरात वर. तिच्या तोंडात हाड फार, गळ बोथट असेल तर बसतच नाही. गळाची टोकं कानशीने धारदार करा.

फेकायची रीत : भोकावर थेट टाकू नका, मासा बुजतो. पलीकडे पानांवर टाका, हळूहळू ओढत कडेला आणा, भोकात पडू द्या आणि तिथेच राहू द्या. अधूनमधून टोक थरथरवायचं. पाणकणसाच्या बाबतीत काठाला समांतर फेका, आडवं नको. लागल्यावर ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घट्ट हवा. गवतात तिला ढील दिली की ती देठांना वेढा घालते. डोकं वर ठेवून पानांवरून घसरत आणायची.

पोकळ बेडकाचे दोन्ही गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात, माशाने चावलं की अंग दबतं आणि गळ उघडे पडतात. म्हणून घेताना दाबून बघा. कडक असेल तर घेऊ नका.

वाघूर_वारी
बास १० किलोची होते, मरळीचं काय घेऊन बसलात.

तापीकाठ
रोज होत नाही. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात २२ पौंड ४ औंसाची मिळाली, २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात साधारण तेवढीच. ७७ वर्षांत बरोबरी झाली एवढंच.

सातपुडा_शिरपूर
ऑनलाइन टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणारा रॉड घेऊ नका. माझा पहिल्याच मोठ्या माशाला दुसऱ्या जोडात फाटला, दुकानदाराने परत घेतला नाही. आणि ब्रेडेड दोरीच घ्या.

गळ_भुसावळ
दोरीचं मी वर सांगितलंय.

सातपुडा_शिरपूर
हो, माझाही तोच अनुभव, म्हणून लिहिलं.

मेहरूण_पहाट
एक महत्त्वाचं राहिलं. पावसाळ्यात पाण्यावर मरळीच्या लालसर नारिंगी पिल्लांचा थवा उकळल्यासारखा दिसतो. त्याच्या खाली आईबाप राखण करत असतात. तिथे बेडूक टाकला की ते भुकेने नाही, रागाने येतात आणि हमखास लागतात. तसं करू नका. राखण गेली की चिलापी थवा संपवते. तुमच्या लहानशा तलावात पुढची मरळ त्यातूनच येणार आहे.

आबा_पारोळा
हे एकदम बरोबर. आम्हीही पिल्लांवरची कधी काढली नाही.

पाझरतलाव_यावल
सगळ्यांचे आभार. ठरवलं. रॉडही नाही, रीळही नाही. पाळीवर उभं राहिलं की भोकं दहा-बारा फुटांच्या आतच आहेत, फेकायचं कशाला? १४ फुटी बांबू घेतोय, टोकाला ५० पौंडी ब्रेड बांधणार, खाली बेडूक. वरून थेट भोकात उतरवायचा, नाचवायचा, उचलून पुढच्या भोकात. उरलेल्या पैशांत तीन चांगले पोकळ बेडूक, कानस आणि गळ काढायची लांब पक्कड. पिल्लं दिसतील तो कोपरा सोडून देईन.

वाघूर_वारी
मोठी लागली तर ड्रॅग कुठून आणणार?

पाझरतलाव_यावल
गवतात ढील द्यायचीच नाही असं वर सांगितलंय ना.

गळ_भुसावळ
मग दोरी नुसती टोकाला बांधू नका. टोक मोडलं तर मासा, दोरी सगळं गेलं. बांबूच्या बुडापर्यंत दोरी आणा, दर हातावर धाग्याने आवळा आणि बुडाला पक्की गाठ मारा. आणि बांबू वाळलेला घ्या, हिरवा वाकून राहतो.

जामनेर_नवा
माझं बजेट २५०० आहे, मी काय घेऊ?