दर्शन की त्या काळची हवा?

मला कोणीतरी विचारलंय की तिसरीपर्यंत शिकलेल्या एलन व्हाइटला (सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची सहसंस्थापिका, आपल्याला देवाची दर्शनं होतात म्हणायची) १८६३ मध्ये तंबाखू वाईट हे दैवी दर्शनाशिवाय कळलं कसं. अहो, तेव्हा अमेरिकेत हे सांगणारे ढिगाने होते! सिल्व्हेस्टर ग्रॅहम हा आहारसुधारक १८३० च्या दशकातच मांस, दारू, मसाले सोडा, कोंड्यासकट पिठाचा ब्रेड खा म्हणून गावोगाव भाषणं ठोकत होता, आणि तो १८५१ ला वारला पण, म्हणजे बाईंच्या दर्शनाच्या १२ वर्षं आधी.

बरं, चांगलं तेवढं देवाचं धरायचं तर बाईंच्याच १८६४ च्या त्या पुस्तिकेचं काय करायचं, ज्यात हस्तमैथुनाने नाना रोग होतात असं लिहिलंय? ते मात्र "त्या काळातलं अज्ञान". सोयीचं आहे हो. आणि मांसाहार बाईंनी स्वतः पूर्ण सोडला १८९४ ला, तोवर अधूनमधून चालूच होता (माणूस म्हणून मला हे उलट आवडलं).

कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा गावचे अ‍ॅडव्हेंटिस्ट (बाईंच्या पंथाचे लोक) जास्त जगतात हे मान्य, पुण्यातलं स्पायसर कॉलेजही (आता विद्यापीठ) ह्यांचंच. पण सिगरेट नाही, दारू नाही, भाजीपाला जास्त, मग जगणारच ना, त्याला दर्शन कशाला लागतंय.