मॅकवर नोटपॅड प्लस प्लस नाही, मग एडिटर कुठला घ्यायचा?

विंडोजवाला_नाशिक: सात वर्षं विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस वापरलं, हात इतका बसलाय की कॉलम सिलेक्शन (मजकुराचा उभा पट्टा निवडणं), मॅक्रो (रेकॉर्ड करून पुन्हा चालवायच्या कृती) सगळं न बघता होतं. आता नवीन नोकरीत मॅकबुक मिळालं आणि कळलं की ते फक्त विंडोजसाठीच आहे. शिवाय सर्व्हर लिनक्सचे, एसएसएचने (नेटवर्कवरून टर्मिनलने) आत जाऊन कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइली बदलाव्या लागतात. तिन्हीकडे चालेल असं एकच काही आहे का?

कोडकरी: व्हीएस कोड हा एडिटर टाक. तिन्हीकडे सारखाच दिसतो आणि नोटपॅड प्लस प्लसचे शॉर्टकट देणारं एक्स्टेंशनही मिळतं. तिकडे ऑल्ट धरून कॉलम ओढायचास ना, इथे शिफ्ट आणि ऑप्शन दोन्ही धर. मॅक्रो रेकॉर्ड करायची सोय मुळात नाहीये, पण मल्टी कर्सर (एकदम अनेक ठिकाणी टाइप करणं) जमला की बरीचशी कामं त्यातच निघतात. सर्व्हरवरच्या फाइली उघडायला त्याचंच रिमोट एसएसएच हे एक्स्टेंशन आहे.

टर्मिनल_मावळा: रिमोट एसएसएच चांगलंय पण ते सर्व्हरवर स्वतःचा एक प्रोग्रॅम चालवतं, बारक्या मशीनवर मेमरी खातं आणि प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर) तर बरेचदा काही टाकायची परवानगीच नसते. तिथे व्हीआय हा टर्मिनलमधला एडिटरच कामाला येतो, 1976 पासूनचा आहे, जवळजवळ प्रत्येक युनिक्सवर सापडतो, तुझ्या मॅकच्या टर्मिनलमध्येसुद्धा आहे. एच जे के एल ने कर्सर का हलतो विचारशील तर बिल जॉयने व्हीआय लिहिला त्या एडीएम थ्री ए टर्मिनलवर बाण याच चार कीजवर छापलेले होते. टाइप करायला आय, थांबायला एस्केप, ओळ उडवायला डीडी, अनडूला यू, स्लॅशने सर्च, सेव्ह करून बाहेर यायला कोलन डब्ल्यूक्यू, आणि न सेव्ह करता बाहेर यायला कोलन क्यू पुढे उद्गारचिन्ह, एवढं आठवडाभर रोज वापर.

मात्रा_वेलांटी: मराठी मजकूर एडिट करणार असशील तर टर्मिनलच्या भरवशावर राहू नकोस, बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात, कर्सर भलतीकडे दिसतो, आणि मराठी कीबोर्ड चालू राहिला तर व्हीआयच्या कमांड लागतच नाहीत. मी .पीओ (भाषांतराच्या) फाइली खिडकीवाल्या एडिटरमध्येच उघडते. अजून एक, विंडोजवरच्या जुन्या स्क्रिप्ट नेताना लाइन एंडिंग (ओळ संपल्याची न दिसणारी खूण) विंडोजच्या सीआरएलएफवरून लिनक्सच्या एलएफवर कर. माझी एक डिप्लॉय स्क्रिप्ट सीआरएलएफमुळे 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून अडली होती, रात्रीचे दोन वाजले कारण सापडायला कारण ते अक्षर डोळ्यांना दिसतच नाही.

विंडोजवाला_नाशिक: लाइन एंडिंगचं बरं सांगितलंत ताई, माझ्याकडे अशा चाळीसेक स्क्रिप्ट आहेत, आधी त्या बघतो. मॅकवर व्हीएस कोड आणि सर्व्हरवर व्हीआय, उद्यापासून सुरू.