रिउ द ओनोरची काठी

"पोर्तुगालमधली फ्रेगेझिया म्हणजे चर्चचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग), कारभार सगळा पाद्र्याच्या हाती" असं कोणी म्हणतं. नावापुरतं बरोबर. पण आज फ्रेगेझिया हे सरकारी कारभाराचं सगळ्यात खालचं एकक आहे, साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखं, निवडून आलेल्या मंडळाचं. आणि जुन्या काळीही सगळीकडे पाद्रीच हाकत होता असं नाही.

पोर्तुगालमधल्या ब्रागान्सा शहराजवळचं रिउ द ओनोर घ्या. चिमुकलं गाव, पलीकडे स्पेनमधलं त्याच नावाचं जुळं गाव, मधे सरहद्द. तिथे गावकरीच दोन मोर्दोमु, म्हणजे कारभारी, निवडायचे. कुरणं, भट्टी, गिरणी सामाईक. गावचा वळूसुद्धा सामाईक! दप्तर म्हणजे एक लांब लाकडी काठी. तिच्यावर प्रत्येक घराची जागा ठरलेली. सामाईक कामाला कोणी दांडी मारली की त्या घराच्या जागी चाकूने एक खाच. दंड पुष्कळदा वाइनच्या मापात, आणि ती वाइन प्यायची सगळ्यांनी मिळून. (असा दंड असेल तर शेजाऱ्याच्या चुकीकडे बारीक लक्ष असणारच.) लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही आपला हिशेब बोटाने चाचपता यायचा, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. जॉर्ज दियश या मानववंशशास्त्रज्ञाने १९५३ साली या गावावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून एवढं तरी नोंदलं गेलं. २०१३ च्या फेररचनेत देशातल्या फ्रेगेझिया ३,०९२ वर आणल्या, तेव्हा रिउ द ओनोरची फ्रेगेझियाही शेजारच्या आव्हेलेदाला जोडून टाकली.